भांग : औषधी उपयोगाचा इतिहास

भांग (लॅ. कॅनाबिस सटायव्हा, कुल–कॅनाबेसी, सं. भंगा, विजया, मातुलानी, मादिनी) या वनस्पतीचा वेदनाशामक, निद्राकारक, पाचक व आचके थांबविणारे औषध म्हणून आशिया खंडात अनेक शतके उपयोग होत आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिचा पाश्चात्त्य वैद्यकात प्रवेश झाला, सु. पन्नास वर्षे ती तेथे प्रतिष्ठा पावली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अधिकृत औषधिकोशांतून बाहेर पडली. या अस्ताचे कारण केवळ कायद्याने घातलेली बंदी हे होते, असा समज रूढ आहे. तो अपुरा आहे. भांगेपासून केलेल्या औषधाची ठराविक मात्रा ठराविक परिणाम घडवील, अशी खात्री वैद्यांना व औषधनिर्मात्यांना देता आली नाही, हे त्या अस्तामागील मूळ कारण होय. त्या मात्रेचा उलगडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्राने केला आणि तेव्हापासून या वनस्पतीच्या औषधी इतिहासाचे नवे पर्व सुरू झाले.

वनस्पती व तिचे पदार्थ : भांग ही वर्षायू ओषधी असून तिची नर व मादी फुले सामान्यतः स्वतंत्र झाडांवर येतात. कार्ल लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिचे शास्त्रीय नामकरण केले. भारतातून आलेल्या नमुन्यांवरून लामार्क यांनी १७८५ मध्ये कॅनाबिस इंडिका ही निराळी जाती मानली. ही जाती खरोखर स्वतंत्र आहे की नाही, याविषयी वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तथापि औषधाच्या व्यापारात ‘इंडिका’ हे नाव दीर्घकाळ टिकले.

भारतात या एकाच वनस्पतीचे तीन पदार्थ फार पूर्वीपासून वेगळे मानले जातात. वाळलेली पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे राळयुक्त फुलोरे म्हणजे गांजा आणि नुसती राळ म्हणजे चरस. गांजाच्या लागवडीत नर झाडे वेळीच उपटून टाकावी लागतात. अन्यथा मादी फुलांचे फलन होऊन बी धरते आणि राळ कमी होते. बंगालमध्ये राजशाही जिल्ह्यातील नौगाव, मध्य प्रांतातील खांडवा व मुंबई इलाख्यातील अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) या भागांत गांजाची लागवड होत असे. उत्तम चरस मात्र यार्कंदहून लेहमार्गे पंजाबात येई. जमीन, हवामान, काढणीची वेळ व साठवणीचा काळ यांप्रमाणे या पदार्थांची तीव्रता बदलते. पुढील सर्व इतिहासात ही गोष्ट निर्णायक ठरली.

प्राचीन पुरावे : मानवाने ही वनस्पती प्रथम धाग्यासाठी व तेलबियांसाठी जवळ केली. तिच्या मादक गुणांची जाण किती जुनी आहे, हे पुरातत्त्वीय शोधांवरून काही अंशी कळते. चीनच्या शिंजिआंग प्रांतातील तुर्फानजवळच्या यांगहाय येथील सु. २,७०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात ७८९ ग्रॅम भांग सापडली (संशोधन प्रसिद्ध, २००८). पामीरच्या पठारावरील जिर्झांकल येथील सु. इ. स. पू. ५०० च्या दफनभूमीत लाकडी धूपपात्रे मिळाली असून त्यांतील अवशेषांत मादक घटकाच्या विपुलतेच्या खुणा आढळल्या (२०१९). शक लोक अंत्यविधीनंतर तंबूत बसून तापलेल्या दगडांवर भांगेचे बी टाकतात व त्याची वाफ घेतात, असे हीरॉडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले होते. सायबीरियातील पाझिरिक येथील उत्खननांत तशी साधने मिळाल्याने त्याच्या वृत्तांतास बळकटी आली. हे पुरावे मुख्यतः विधींविषयीचे आहेत. औषधी वापराचा ठळक पुरावा इझ्राएलमधील बेत शेमेश येथील चौथ्या शतकातील थडग्यात मिळतो. प्रसूतीच्या वेळी मरण पावलेल्या सु. १४ वर्षांच्या मुलीच्या सांगाड्याजवळील राखेत भांगेचे अवशेष आढळले. प्रसूती सुकर व्हावी म्हणून तिला धुरी दिली असावी, असे संशोधकांचे अनुमान आहे (१९९३).

चीनमध्ये शेन-नुंग या पौराणिक सम्राटाच्या नावावर असलेल्या, परंतु इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत संकलित झालेल्या औषधिग्रंथात या वनस्पतीचा समावेश आहे. तिचे बी मलावरोधावर देण्याची प्रथा चिनी वैद्यकात आजही चालू आहे. दुसऱ्या शतकातील ह्वा-तो हा शल्यवैद्य रुग्णास मद्यातून एक चूर्ण देऊन शस्त्रक्रिया करीत असे, अशी परंपरा आहे. त्या चूर्णाच्या नावावरून त्यात भांग असावी, असा तर्क केला जातो. परंतु त्याची कृती नष्ट झाली आहे. डायॉस्कॉरिडीझ याने पहिल्या शतकात भांगेच्या बियांचा रस कानदुखीवर उपयुक्त असल्याचे नमूद केले.

आयुर्वेद व युनानी वैद्यक : अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात सोम ज्यांत श्रेष्ठ आहे अशा पाच वनस्पतींत ‘भंग’ येतो. हा भंग म्हणजे सध्याची भांगच होय, याविषयी विद्वानांत एकमत नाही. प्राचीन संहितांपेक्षा मध्ययुगीन ग्रंथांत भांगेचा औषध म्हणून निःसंदिग्ध उल्लेख आढळतो. डच भारतविद्यावेत्ते यान मॉयलेनबेल्ड यांनी हे सविस्तर दाखवून दिले (१९८९). वैद्यकीय ग्रंथांचा कालक्रम ठरविण्यासाठी भांगेचा उल्लेख हे एक साधन म्हणून वापरता येते, असेही त्यांचे प्रतिपादन होते.

शार्ङ्गधरसंहितेत (सु. तेरावे–चौदावे शतक) भांग व अफू ही ‘व्यवायी’ द्रव्यांची उदाहरणे म्हणून दिली आहेत. व्यवायी म्हणजे जे द्रव्य आधी सर्व शरीरात पसरते आणि नंतर पचते ते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात ती कफनाशक, तिखट-उष्ण, पाचक, मल बांधणारी, पित्त वाढविणारी आणि मोह, मद, वाणी व जठराग्नी यांना चेतविणारी सांगितली आहे. तीच वनस्पती भूकही वाढविते आणि भ्रमही उत्पन्न करते, ही जाण या वर्णनात स्पष्ट आहे. त्यामुळे भांग सहसा एकटी दिली जात नसे. जातीफलादी चूर्णासारख्या संग्रहणीवरील योगांत ती अनेक द्रव्यांबरोबर येते. वापरण्यापूर्वी तिचे शोधन करण्याचा, म्हणजे ती पाण्याने धुऊन, दुधात शिजवून वा तुपात भाजून घेण्याचा दंडक होता. मिश्रण व शोधन या दोन उपायांनी भारतीय वैद्यांनी तीव्रतेच्या प्रश्नावर तोडगा काढला होता; मात्र तो वैद्याच्या अनुभवावर अवलंबून होता.

अरबी व इराणी वैद्यकातही भांगेचा उपयोग आढळतो. अल्-बद्री या लेखकाने १४६४ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात बगदादमधील एका अधिकाऱ्याच्या अपस्मारी मुलाची हकिकत आहे. भांगेच्या राळेने त्याचे झटके थांबले. परंतु पुढे आयुष्यभर ती त्याला सोडता आली नाही. गुण व व्यसन यांची ही जोड तत्कालीन लेखकाने डोळसपणे टिपली आहे.

यूरोपीय वाचकांना भारतीय भांगेची सविस्तर माहिती गोव्यातून मिळाली. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय औषधींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारीही ओर्ताची ये-जा असे. त्याने ‘बांगे’ या नावाने भांगेची कृती, तिने येणारी भूक, झोप व उल्हास यांचे वर्णन केले. गुजरातचा सुलतान बहादुरशाह रात्री देशोदेशी फिरण्याची इच्छा झाली, की थोडी भांग घेई, ही आठवणही त्याने नोंदविली आहे. तथापि ओर्ताने तिच्या गुणांचे प्रयोगाने परीक्षण केले नाही. त्यासाठी आणखी पावणेतीनशे वर्षे जावी लागली.

ओशॉनेसी यांचे प्रयोग : विल्यम ब्रुक ओशॉनेसी (१८०९–८९) हे आयर्लंडमधील लिमरिकचे रहिवासी. एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८३३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले आणि कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात (स्थापना १८३५) रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. तत्पूर्वी १८३१-३२ मध्ये पटकीच्या रुग्णांच्या रक्तातील पाणी व क्षार कमी होतात, हे त्यांनी दाखविले होते. पुढे भारतातील तारायंत्राची उभारणीही त्यांच्याच देखरेखीखाली झाली.

गांजाविषयीचा त्यांचा निबंध १८३९ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध झाला. त्याची पद्धत लक्षणीय आहे. त्यांनी प्रथम संस्कृत व फार्सी ग्रंथांतील माहिती स्थानिक जाणकारांकडून मिळविली. पंडित कमलाकांत विद्यालंकार व शवविच्छेदनाबद्दल प्रसिद्ध असलेले मधुसूदन गुप्त हे त्यांत होते. नंतर गांजाचा मद्यार्कात अर्क काढून त्यांनी तो प्राण्यांना दिला. मांसाहारी प्राण्यांवर तो लवकर परिणाम करतो व तृणाहारी प्राण्यांवर जवळजवळ करीत नाही, असे त्यांस आढळले. प्राण्यांस धोका नाही, हे पाहिल्यावरच त्यांनी संधिवात, पटकी, धनुर्वात, अलर्क (पिसाळ) रोग व बालकांचे आचके या विकारांत तो वापरला.

अलर्क रोगाचा रुग्ण वाचला नाही. परंतु पाण्याच्या दर्शनाने येणारे आचके कमी होऊन त्याला काही घोट घेता आले. धनुर्वातातील स्नायूंचा ताठरपणा कमी झाला. आचक्यांनी पछाडलेल्या सु. ४० दिवसांच्या एका मुलीस थेंबाथेंबाने मात्रा वाढवीत अर्क दिल्यावर ती बरी झाली. आचके थांबविणारे एक मोलाचे औषध वैद्यकास लाभले आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याचबरोबर सतत सेवनाने होणाऱ्या भ्रमाचेही त्यांनी स्वतंत्र वर्णन केले व मात्रा अल्प ठेवण्याचा इशारा दिला. रुग्णांची संख्या थोडी होती आणि आजच्या अर्थाने तुलनेसाठी गट नव्हते. तरीही ग्रंथपरंपरा, प्राणिप्रयोग व रुग्णनिरीक्षण असा क्रम एका भारतीय औषधीच्या बाबतीत इतक्या शिस्तीने पाळला गेल्याचे हे आरंभीचे उदाहरण होय.

पाश्चात्त्य वैद्यकातील प्रसार : ओशॉनेसी १८४१-४२ च्या सुमारास रजेवर इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांनी गांजा बरोबर नेला. लंडनमधील पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्यापासून अर्क तयार केला. पॅरिसमध्ये झाक-झोझेफ मोरो यांनी चरसाचा मनावर होणारा परिणाम स्वतः अनुभवून मनोविकृतीचे स्वरूप समजून घेण्याचा प्रयत्न केला. त्यांचा ग्रंथ १८४५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेच्या औषधिकोशात १८५० च्या आवृत्तीत, तर ब्रिटिश औषधिकोशात १८६४ च्या पहिल्याच आवृत्तीत भांगेच्या अर्काचा समावेश झाला. अर्धशिशी, मज्जाशूल, निद्रानाश, मासिक पाळीच्या वेदना व खोकला यांवर तो दिला जाऊ लागला. विल्यम ऑस्लर यांनी १८९२ च्या आपल्या प्रसिद्ध वैद्यकीय ग्रंथात अर्धशिशीवरील औषधांत भांगेला वरचे स्थान दिले. व्हिक्टोरिया राणीचे एक वैद्य जॉन रसेल रेनल्ड्स यांनी तीस वर्षांचा आपला अनुभव १८९० मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात मांडला. यावरून राणी स्वतः हे औषध घेत असे, अशी आख्यायिका निर्माण झाली. तिला पुरावा नाही.

मात्रेचा प्रश्न : रेनल्ड्स यांच्या लेखातच या औषधाचे दौर्बल्य उघड होते. अर्काची ताकद दर खेपेस निराळी असते, म्हणून तो नेहमी एकाच ठिकाणाहून घ्यावा, अत्यल्प मात्रेने आरंभ करावा व ती सावकाश वाढवावी, असा त्यांचा सल्ला होता. एका बाटलीतील अर्काने काहीच घडत नसे, तर दुसरीतील तेवढ्याच थेंबांनी रुग्ण भ्रमिष्ट होई. माल समुद्रमार्गे येईपर्यंत व गोदामात पडून राहिल्याने निःसत्त्व होई. अफूपासून १८०० नंतरच्या दोन दशकांतच मॉर्फीन वेगळे करण्यात आले होते. ते तोलून देता येई. भांगेतील क्रियाशील घटक मात्र चिकट राळेत दडलेला होता. स्फटिकरूपात तो हाती येत नव्हता. तो पाण्यात विरघळत नसल्याने शतकाच्या मध्यास आलेल्या सुईच्या पिचकारीतूनही देता येईना. केंब्रिज येथे वुड, स्पायव्ही व ईस्टरफील्ड यांनी १८९०–९९ या दशकाच्या अखेरीस चरसातून कॅनाबिनॉल वेगळे केले. पण ते मुख्य मादक द्रव्य नसून बहुतांशी त्या द्रव्याचे कालांतराने होणारे रूपांतर आहे, हे पुढे कळले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत अर्काची ताकद कुत्र्याला तो देऊन व त्याचा तोल जातो की नाही हे पाहून ठरवीत. यावरून औषधनिर्मात्यांची अडचण ध्यानात येते.

भारतातील चौकशी आयोग : याच सुमारास भारतात या पदार्थांकडे शासनाचे लक्ष वेधले गेले. गांजामुळे वेड लागते व वेड्यांची इस्पितळे भरतात, असा आक्षेप होता. ब्रिटिश संसदेत विल्यम स्प्रॉस्टन केन यांनी १८९३ मध्ये प्रश्न विचारल्यावर मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात सदस्यांचा आयोग नेमण्यात आला. त्यांपैकी तीन भारतीय होते. आयोगाने देशभर हिंडून १,१९३ साक्षी नोंदविल्या व १८९४ मध्ये अहवाल दिला. वैद्य-हकीम हे पदार्थ अनेक विकारांत वापरतात आणि गुरांनाही ते औषध म्हणून दिले जातात, असे साक्षींतून पुढे आले. मुंबईतील अधिकारी व मुंबई गॅझेटीअरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनी भांगेच्या धार्मिक स्थानाविषयी स्वतंत्र टिपण सादर केले. इस्पितळांच्या नोंदी आयोगाने तपासल्या, तेव्हा वेडाचे कारण म्हणून गांजा हा शब्द पुष्कळदा चौकशीवाचून, पोलिसांच्या कागदावरून उतरविला गेल्याचे दिसून आले. परिमित सेवनाने लक्षणीय अपाय होत नाही, अतिसेवन अपायकारक आहे, आणि संपूर्ण बंदीऐवजी नियंत्रण व कर आकारणी योग्य, असा बहुमताचा निर्णय झाला. हा निर्णय व्यसनापुरता होता. औषधाच्या प्रमाणीकरणाचा प्रश्न तसाच राहिला.

ऱ्हास व निर्बंध : क्लोरल हायड्रेट (१८६९), ॲस्पिरीन (१८९९) व बार्बिट्यूरेटे (१९०३ पासून) ही मोजून देता येणारी औषधे हाती आल्यावर भांगेचा अर्क मागे पडला. अनेक वैद्यांनी तो आधीच सोडला होता. १९२५ च्या जिनीव्हा येथील अफूविषयक करारात भारतीय भांगेचा समावेश होऊन तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आली. ब्रिटिश औषधिकोशातून ती १९३२ मध्ये वगळण्यात आली. अमेरिकेत १९३७ मध्ये जबर कर बसविणारा कायदा झाला. तेथील वैद्यकीय संघटनेच्या प्रतिनिधीने त्यास विरोध केला होता. तथापि १९४२ मध्ये अमेरिकी औषधिकोशानेही तिचा त्याग केला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या एकत्रित करारात भांगेच्या फुलोऱ्याची व राळेची गणना अत्यंत घातक व वैद्यकीय मूल्य अल्प असलेल्या द्रव्यांच्या चौथ्या सूचीतही झाली. अशा रीतीने वैद्यकाने दुर्लक्षिलेली वनस्पती कायद्याने संशोधकांच्या आवाक्याबाहेर नेली. भारतात कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी १९३९ पर्यंत या पदार्थांच्या सेवनाचा पद्धतशीर अभ्यास चालू ठेवला, ही उल्लेखनीय गोष्ट होय.

क्रियाशील घटकांचा शोध : १९४० च्या सुमारास अमेरिकेत रॉजर ॲडम्स व इंग्लंडमध्ये अलेक्झांडर टॉड यांनी या रसायनांवर स्वतंत्रपणे काम केले, ॲडम्स यांनी कॅनाबिडिऑल वेगळे केले. निर्णायक यश १९६४ मध्ये आले. इझ्राएलमधील येखिएल गाओनी व राफाएल मेशुलाम यांनी डेल्टा-९ टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल हा मुख्य मादक घटक शुद्ध स्वरूपात मिळवून त्याची संरचना निश्चित केली. मेंदूतील ज्या प्रथिनांना हा रेणू चिकटतो, त्या ग्राहकांचा पुरावा १९८८ मध्ये मिळाला. तेथे नैसर्गिकपणे कार्य करणारा शरीरातीलच एक रेणू १९९२ मध्ये सापडला. संस्कृत ‘आनंद’ या शब्दावरून त्याला ‘आनंदमाइड’ हे नाव देण्यात आले. वेदना, भूक, स्मृती व स्नायूंची हालचाल यांवर भांगेचा परिणाम का होतो, याचा खुलासा या शोधांमुळे होऊ लागला.

आधुनिक उपयोग व कायदा : शुद्ध घटक तोलता येऊ लागताच औषधे पुन्हा आली. कर्करोगावरील औषधांमुळे होणाऱ्या उलट्यांवर कृत्रिम टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलास अमेरिकेत १९८५ मध्ये मान्यता मिळाली. अनेक ठिकाणी मज्जातंतूंचे आवरण नष्ट करणाऱ्या बहुविध दृढन रोगात प्रमाणित अर्काचा फवारा कॅनडात २००५ मध्ये मज्जाजन्य वेदनांवर व ब्रिटनमध्ये २०१० मध्ये स्नायूंच्या ताठरपणावर उपलब्ध झाला. कॅनाबिडिऑल मादक नाही. अपस्मारावर त्याचा उपयोग होऊ शकतो, असे ब्राझीलमध्ये १५ रुग्णांवर केलेल्या छोट्या चाचणीतून १९८० मध्ये सूचित झाले होते. बालपणी सुरू होणाऱ्या दोन दुःसाध्य अपस्मारांवर शुद्ध कॅनाबिडिऑलास २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ओशॉनेसी यांनी कलकत्त्यात त्या बालिकेवर केलेल्या निरीक्षणास अशा प्रकारे १७९ वर्षांनी, वेगळ्या घटकाच्या द्वारे, काटेकोर चाचण्यांचा आधार लाभला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. प्रौढांतील जुनाट वेदना, कर्करोगोपचारातील उलट्या व बहुविध दृढन रोगातील ताठरपणा यांबाबतच भक्कम पुरावा असल्याचे त्यात म्हटले आहे. याच आढाव्यात तीव्र मनोविकृती व सेवन यांचा संबंधही नमूद आहे. जितके सेवन अधिक तितका धोका अधिक असतो. म्हणून सर्व विकारांवरील रामबाण औषध म्हणून होणाऱ्या जाहिरातींस शास्त्रीय आधार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मादक द्रव्य आयोगाने २ डिसेंबर २०२० रोजी २७ विरुद्ध २५ मतांनी भांगेस चौथ्या सूचीतून वगळले. भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. पहिल्या सूचीतील नियंत्रण मात्र कायम राहिले.

भारतात १९८५ च्या मादक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने गांजा व चरस यांवर कडक निर्बंध घातले. फुलोऱ्याविना असलेली पाने व बी त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे भांगेचे नियमन राज्यांकडे राहिले असून आयुर्वेदीय औषधांत पानांचा उपयोग परवान्याने करता येतो. पाने, फुलोरे व राळ यांत भारतीय परंपरेने केलेला भेद अशा प्रकारे कायद्यातही उतरला आहे. शोधन केलेल्या पानांच्या पारंपरिक योगांची घटकमापन व तुलनात्मक चाचण्या यांच्या आधारे तपासणी करणे, हे कार्य भारतीय वैद्यकापुढे आहे. या औषधीचे भवितव्य पूर्वीप्रमाणेच मात्रेच्या निश्चितीवर अवलंबून राहील.